पलटणीची गावं आणि कापसाची गावं

उमरेडकडच्या एका एम.ए.च्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "इंग्रजांनी पंजाब, सातारा, रत्नागिरीतून फौजेत भरती केली, तिथल्या गावांत पगार आणि पेन्शनचा पैसा आला. नागपूर-वऱ्हाडाला लढाऊ मानलं नाही, म्हणून आपली गावं मागे पडली. हे बरोबर आहे का? प्रबंधाला हा विषय घेऊ का?"

विषय जरूर घ्या. नागपुरात आर्थिक इतिहास शिकवताना आणि जुने बंदोबस्त अहवाल (म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचे सरकारी कागद) वाचताना माझी तीसेक वर्षं गेली, आणि हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विचारतंच. तुमच्या दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. चुकतो तो मधला 'म्हणून'. आपली गावं फौजेपासून लांब राहिली असं तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात आपल्याकडून माणसं कमी गेली, पण फौजेचं बिल इथल्या जमिनीने भरलं. ज्या गावांतून माणसं गेली तिथेही पैसा घरात आला आणि घरातच संपला. गावाची जमीन, पाणी, धंदा यांत तो क्वचितच मुरला.

सुरुवात वऱ्हाडापासून करा, कारण इतकं उघड उदाहरण देशात दुसरं सापडणं अवघड आहे. निजामाच्या नावाने 'हैदराबाद कंटिन्जंट' ही फौज उभी होती. तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाने द्यायचा. पगार थकत गेला, ईस्ट इंडिया कंपनीने स्वतः पैसे पुरवले आणि ते निजामाच्या नावावर कर्ज म्हणून लिहिले. मे १८५३ च्या तहात त्या कर्जापोटी आणि पुढच्या पगाराची हमी म्हणून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळकडचा शेतकरी जो सारा भरायचा, त्यातून आधी एका फौजेचा पगार निघायचा. उरेल ते निजामाला द्यायचं असं ठरलं होतं, पण किती उरलं यावर दोन्ही सरकारांत वर्षानुवर्षं वाद चालला. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्यावर वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला आणि पुढे मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. कंटिन्जंटच्या पलटणी हिंदुस्थानी फौजेत मिसळल्या. या अर्धशतकात वऱ्हाडातून भरती किती झाली हे महत्त्वाचं नाही. साऱ्याच्या रकमेवर पहिला हक्क कोणाचा होता, हे महत्त्वाचं आहे.

नागपूरची गोष्ट निराळी आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांची स्वतंत्र ताकद मोडली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली. तरी भोसल्यांची म्हणून काही फौज, दरबार, हत्तीखाना, कारखाने शिल्लक होते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावाने विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. जुन्या फौजेतल्या काहींना नव्या 'नागपूर इर्रेग्युलर' दलात घेतलं, बाकीच्यांना घरी पाठवलं. १८५७ च्या जूनमध्ये त्या दलातल्या घोडदळाने टाकळीला उठावाचा बेत केला, तो फसला आणि म्होरक्यांना फाशी झाली.

राज्य जातं तेव्हा शिपायासोबत त्याच्यावर जगणाराही जातो, हे पुस्तकांत फार कमी येतं. दरबार आणि फौज हे कोष्ट्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं. नागपूर, उमरेड, पवनीचा रेशीमकाठी धोतरजोडा, पागोटी, शेले घेणारी माणसं दरबाराच्या आधाराने जगत होती. जिनगर, शिकलगार, नालबंद, गवत विकणारा, दाणा पुरवणारा या सगळ्यांचं बस्तान त्याच वर्षांत हललं. तुमच्या उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात वयस्क माणसांशी बोलताना हा धागा धरून विचारा.

कामठीच्या छावणीने थोडा नवा बाजार उभा केला, हे खरं. पण पलटण कूच करायची तेव्हा वाटेवरच्या गावांना रसद पुरवावी लागे, बैलगाड्या वेठीला धराव्या लागत. ऐन पेरणीत बैल चार दिवस गेला तर काय होतं, हे तुम्हाला शेतकऱ्याच्या घरचे म्हणून वेगळं सांगायला नको. रसद आणि वेठबिगारीच्या तक्रारी आपल्या प्रांतात विसाव्या शतकातही चालू होत्या.

आता भरतीच्या गावांकडे येऊ, कारण तुमचा खरा हेवा तिथला आहे.

१८५७ पर्यंत कंपनीच्या फौजा निरनिराळ्या भागांतून माणसं घेत. उठावानंतर, आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५ ते १८९३), 'लढाऊ जाती' हा विचार पक्का झाला. जातवार हस्तपुस्तिका छापल्या गेल्या. कोणत्या तालुक्यातली कोणती पोटजात चांगली, कोणती टाळावी, हे त्यांत लिहिलेलं असायचं. मराठ्यांवरची अशी पुस्तिका १९०८ साली निघाली, तिच्यात कोकणी आणि देशावरचे मराठे असा भेदही केला आहे. भरती करणाऱ्याला शेतकऱ्याचा पोर हवा होता. शहराची हवा लागलेला, शिकलेला, अर्ज लिहू शकणारा माणूस त्याला नको असे. ज्या भागात शाळा, कारखाने आणि दुसऱ्या नोकऱ्या वाढतात तिथला पोरगा फौजेकडे कमी वळतो, हे त्यालाही कळत होतं. कोणी बसून 'या जिल्ह्याला गरीब ठेवा' असा कागद काढला, असं मी म्हणत नाही. तसा कागद शोधत बसू नका. पण जिथून स्वस्तात माणसं मिळत होती तिथली गरिबी हटवण्याची सरकारला घाई नव्हती, हे खर्चाच्या आकड्यांतून दिसतं.

शिपायाचा पगार १८५७ साली महिन्याला ७ रुपये होता. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो ११ रुपये होता. साठ वर्षांत चार रुपये वाढले, आणि त्या साठ वर्षांत ज्वारी, गहू, कापड सगळंच महाग झालं. तरी ११ रुपयांना माणूस मिळत होता, कारण गावात त्याला तेवढंही रोख मिळत नव्हतं.

रत्नागिरीत खोती होती. कुळाने पिकवायचं आणि मोठा वाटा खोताला द्यायचा. कोकणातली डोंगरउतारावरची जमीन, भात आणि नाचणी, त्यात घरटी चार पोरं. एक शेतावर, एक मुंबईच्या गिरणीत, एक पलटणीत. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि हा पैसा थेट गावात यायला लागला. तो कुठे गेला ते नीट पाहा. खोताची थकबाकी, सावकाराचं व्याज, बहिणीचं लग्न, घरावर कौलं. कुठे जमिनीचा तुकडा घेतला, तर त्याच तुकड्यासाठी आणखी दोन पेन्शनर बोली लावत होते, म्हणून भाव चढला आणि जमीन तेवढीच राहिली. जमीन कसणारा मालक नव्हता तिथे विहीर कोण खणणार? खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ सालीच मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं होतं.

आणि रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला १८६७ साली पोचली. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ साली. सह्याद्रीतले बोगदे आणि नद्या हे कारण आहेच, ते नाकारू नका. पण वऱ्हाडात सरळ रूळ टाकण्यामागे घाई होती ती कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, त्यानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस कमिशनर नेमला गेला आणि खामगावच्या बाजारासाठी १८७० साली जलंबहून वेगळा फाटा टाकला. माणूस आपल्या पायाने चालत भरतीच्या ठिकाणी येतो. कापसाच्या गाठीला गाडी लागते. रत्नागिरी आणि खामगाव यांच्या नकाशातला फरक मला तरी या एका गोष्टीत सगळ्यात स्पष्ट दिसतो.

साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तुम्हाला ठाऊक असेल, लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मारले गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेत, आता पाकिस्तानात असलेलं दुलमियाल हे असंच गाव. तिथून ४६० माणसं त्या युद्धात गेली आणि सरकारने गावाला बक्षीस म्हणून तोफ दिली, ती अजून तिथे उभी आहे. या गावांचा अभिमान खरा आहे. तो मी कमी लेखणार नाही, तुम्हीही प्रबंधात लेखू नका. तुम्ही एवढंच तपासा की पेन्शनच्या पैशाने तिथे किती विहिरी खणल्या गेल्या, किती घाण्या, किती गिरण्या निघाल्या, आणि तिसऱ्या पिढीला गावात राहून पोट भरता आलं की पुन्हा भरतीच्याच रांगेत उभं राहावं लागलं.

इथे परीक्षक तुम्हाला हमखास पंजाबच्या कालव्यांवरून अडवतील, आणि तो आक्षेप वजनदार आहे. १८८५ ते १९४७ या काळात ब्रिटिश पंजाबात कालव्याखालची जमीन तीस लाख एकरांहून कमी होती ती साधारण एक कोटी चाळीस लाख एकरांवर गेली. लायलपूरसारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी मिळाल्या. मग भरतीने विकास झालाच की! माझं उत्तर असं. पाणी आलं ते चिनाब आणि झेलमच्या कालव्यांखालच्या ओसाड सरकारी पट्ट्यांत. भरतीचा गाभा असलेला रावळपिंडी, झेलम, अटकचा भाग पावसाच्या शेतीवरच राहिला. जमीन मिळाली ती थोड्यांना, बहुतेक हुद्देदारांना. झेलमच्या कालव्यावर तर जमिनीच्या बदल्यात फौजेसाठी घोड्या पाळायची अट होती. म्हणजे गुंतवणूक झाली, पण ती फौजेची गरज आणि गव्हाची निर्यात पाहून झाली. शिपायाला जमीन हवी असेल तर त्याने आपलं गाव सोडून कालव्यावर जायचं. भरतीच्या गावाला कालवा मिळाला, असं फारसं घडलं नाही. तरी पंजाबचं प्रकरण वेगळं ठेवा, त्याला साताऱ्याच्या साच्यात कोंबू नका.

तुमच्या प्रश्नात महारांचा उल्लेखच नाही, आणि नागपुरात बसून हा विषय लिहिताना ते चालणार नाही. मुंबई फौजेत महार सैनिक पिढ्यान्‌पिढ्या होते, कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईतही होते. फौजेने त्यांना पगाराखेरीज आणखी एक गोष्ट दिली: पलटणीतली शाळा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेच्या शाळेत शिकवत, आणि मुलांचं शिकणं त्या घरात पहिल्यापासून गृहीत होतं. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक, त्यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा केला. युद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, पहिली बटालियन बेळगावला आणि दुसरी आपल्या कामठीला.

याचा अर्थ लावताना घाई नको. भरती मिळाली म्हणून एक समाज वर आला, असं सरळ म्हणता येत नाही, कारण दार सरकारच्या मर्जीने उघडायचं आणि मिटायचं. पण भरती बंद झाल्याने नुकसान झालं हेही खरं आहे, कारण त्यांच्यासाठी गावात दुसरं दारच नव्हतं. आपल्याकडे महार कोतवालकी करायचे, जाडंभरडं कापड विणायचे, आणि गिरणीच्या कापडाने तो हातमाग बसला. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, मग रेल्वे, मग छावणी. नागपुरात जो रोख पैसा त्यांच्या हाती आला तो शहरातल्या या कामांतून आला.

आता आपल्या कापसाच्या गावाकडे पाहा. भोसल्यांच्या काळी पाटील गावाचा सारा गोळा करून भरायचा, गावाचा मालक नव्हता. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्ताने त्याला मालगुजार करून मालकी दिली. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी आली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. दोन्हीकडे सारा रोखीत, ठरल्या तारखेला भरायचा. रोख पाहिजे म्हणून कापूस, कापसाला बी-बियाणं आणि हंगामाआधीचा खर्च पाहिजे म्हणून सावकार. सारा थकला तर जमीन गहाण. कापसाचा भाव मात्र लिव्हरपूलला ठरायचा. १८९६-९७ चा दुष्काळ आणि लगेच १८९९-१९०० चा. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची आणि वऱ्हाडाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. ज्या वऱ्हाडच्या साऱ्यावर एक सबंध फौज पोसली जात होती, तिथे सरकारच्या पैशाने सिंचनाचं म्हणावं असं काम झालं नव्हतं. रामटेकजवळच्या खिंडसीसारखी कामं झाली ती या दुष्काळांनंतर. त्याआधी भंडारा-चांद्याकडे पाणी होतं ते कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांचं. आपण त्यांना आज मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी.

त्याच वर्षांत हिंदुस्थान सरकारच्या खर्चात सगळ्यात मोठी रक्कम फौजेवर जात होती. १८९७ साली गोखल्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली तेव्हा हाच मुद्दा मांडला, आणि दादाभाई नौरोजी त्या आयोगाचे सभासद होते. परदेशातल्या मोहिमांचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडायचा. १९१७ मध्ये युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंडांची 'भेट' ब्रिटनला दिली गेली, म्हणजे त्या वेळच्या भावाने दीडशे कोटी रुपये. पुढच्याच वर्षी पाऊस गेला आणि इन्फ्लुएंझा आला, आणि आपला प्रांत त्या साथीत सगळ्यात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेस भरली आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. तिथे जमलेल्या खेड्यांतल्या माणसांची दहा-बारा वर्षं कशी गेली होती, हे लक्षात ठेवून तो ठराव वाचा.

प्रबंधाची मांडणी करताना तीन गावं निवडा: एक भरतीचं, एक कापसाचं, एक छावणीला लागून. तिन्हींचे बंदोबस्ताचे दोन-दोन फेरे घ्या, म्हणजे तीस वर्षांचा फरक हाती येतो. विहिरींची संख्या, बैलजोड्या, कूळ किती, मालक किती, गहाणखतं किती. पगार आणि पेन्शनचे आकडे जिल्ह्याच्या पातळीवर मिळाले तर घ्या, पण गावात किती पैसा आला याचा अंदाज विहिरींच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आणि 'विदर्भातून भरती झालीच नाही' हे वाक्य लिहू नका. काही वर्षांपूर्वी कन्हानच्या बाजूच्या एका गावात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. एका घरात पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली, फडक्यात बांधलेलं एक पदक निघालं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४-१९१८. घरच्यांना वाटायचं पणजोबा शिपाई होते आणि पदक चांदीचं असून काळं पडलंय. ते कांस्याचं होतं. लढणाऱ्याला हे पदक चांदीचं मिळायचं, कांस्याचं मिळायचं ते मजूर तुकड्यांतल्या माणसांना. त्या युद्धासाठी हिंदुस्थानातून साधारण पावणेनऊ लाख लढणारे भरती झाले आणि साडेपाच लाखांहून जास्त बिनलढाऊ: हमाल, खेचरवाले, पाणके, रस्ते करणारे, सफाई करणारे. 'लढाऊ नाही' म्हणून ज्या गावांना शिपाईगिरी नाकारली, तिथूनही माणसं अशी गेली, आणि गावाच्या आठवणीत 'पलटणीत होता' एवढंच उरलं. त्यांचा पगार कमी, पेन्शन बहुतेकांना नाहीच. म्हणून भरतीच्या आकड्यांत त्यांना शोधायला जाल तर ती सापडणार नाहीत.

तुमच्या भागात असं पदक कोणाकडे निघालं तर आधी त्याच्या कडेवरचा मजकूर वाचा. तिथे नंबर, नाव आणि तुकडी कोरलेली असते, भिंग घेऊन तिरप्या उजेडात धरलं की दिसते. फोटो काढा, पदक घरातच राहू द्या. आणि घरच्यांना सांगा, दिवाळीला भांड्यांसोबत ते चिंच आणि राखेने घासू नका. अक्षरं बारीक असतात, दोन-चार वर्षांत पुसली जातात.